ट्रॅक्टर गेला की डोळा मिटा

आधीच सांगून टाकतो, आयडिया माझीच होती. तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो, मग आता कशाला लपवू!

कुष्ठरोगाच्या कामावर नवीन लागलो होतो. लुना, खांद्याला गोळ्यांची पिशवी, आणि साहेब दिसावं म्हणून ठेवलेली मिशी. मिशी म्हणजे पंधरा-वीस केस, पण रोज कंगवा फिरवायचो. सोमेश्वरनगरच्या रस्त्याला एका तात्यांचं वांग्याचं रान होतं. रोग गोळ्यांनी बरा झालेला, पण डावा डोळा आधीच गेलेला. उजव्याला दिसायचं, पण त्याची पापणी आपोआप लवायची नाही. कचरा गेला तरी बोचायचंच नाही, मग पापणी लवणार कशाला? मुद्दाम जोर लावला तर मिटायची. उघडा राहिला की डोळा कोरडा पडतो, जखम होते. आणि हाही गेला की तात्यांना सगळा अंधार.

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, सारखी दिसणारी एखादी खूण धरून द्या, ती दिसली की डोळा मिटायचा. मी रस्त्याकडं बघितलं. उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक कारखान्याकडं चाललेल्या. डोक्यात असा उजेड पडला म्हणता!

"तात्या, ट्रॅक्टर गेला की डोळा गच्च मिटायचा. तीनदा."

"परत्येक ट्रॅक्टरला?"

"प्रत्येक."

तात्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. त्या वाफ्यातनंच म्हणाल्या, "मग वांगी कवा तोडायची वो ह्यांनी?"

पण तात्या शब्दाचे पक्के. महिन्यानं गेलो तर डोळा एकदम स्वच्छ. झालं! इंदापूरच्या मीटिंगमध्ये उभं राहून आयडिया सांगितली, डोळे मिटून दाखवले, वरच्या साहेबांनी मान हलवली. कळंबला घरी जाऊन आईलाही तीनदा मिटायला लावलं. या गडबडीत तात्यांकडं जायचंच राहिलं. एक महिना, मग दुसरा.

गेलो तेव्हा ऊन भाजत होतं. तात्या बांधावर बसलेले. उजवा डोळा लालभडक, बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका.

"दुखतंय का?"

"न्हाय. जरा धुरकट दिसतंय."

"डोळा मिटता ना?"

"ट्रॅक्टर आला तर मिटीन की. कारखाना बंद हून महिना झाला."

मी रस्त्याकडं बघितलं. मोकळा. एक कुत्रं चाललं होतं. उन्हाळ्यात कारखाना बंद असतो हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. आणि मी जन्मलो तोच उसाच्या मुलखात!

"दुसरं काय सांगितलं न्हवतं तुमी," तात्या म्हणाले. रागानं नाही. तेच जास्त लागलं.

लुनावर बसवून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी झापलं ते मला. बरोबरच केलं. डोळा कमी उघडा राहावा म्हणून पापण्यांच्या कडेला टाके घातले, औषध सुरू केलं, वर पट्टी, आणि तिथंच ठेवून घेतलं. आता तात्यांना काहीच दिसत नव्हतं. मावशी घास भरवायच्या, मी कोपऱ्यात उभा. खाली रस्त्यावर काहीतरी धडधडलं तसे तात्या म्हणाले, "साहेब, ट्रॅक्टर हाय. मिटू का?"

मावशी हसल्या. मला नाही जमलं.

पट्टी निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "काय दिसतंय?"

"गोळ्यावाला साहेब. शर्टाचं एक बटन निळं हाय, बाकीची पांढरी."

मी उड्या मारायच्या बेतात.

"पर मिशी दिसत न्हाय."

गेला डोळा!

"अवो," मावशी म्हणाल्या, "ती व्हती कवा?"

डॉक्टर इतके हसले की त्यांनाच डोळे पुसावे लागले.

नवी खूण मावशींनीच ठरवली. एका झाडाकडनं दुसऱ्याकडं सरकलं की मिटायचं. "वांगी संपल्यावर?" मी लगेच विचारलं. आता कुणी फसवणार नव्हतं मला. "मग मेथी असंल. रान कधी बंद पडतंय का तुमच्या कारखान्यावानी?"

मावशी यष्टीनं गेल्या, तात्या माझ्यामागं लुनावर. वाटेत शेणखत भरलेला एक ट्रॅक्टर समोरनं धडधडत गेला, आणि काय सांगू, माझेच डोळे गच्च मिटले. तात्यांनी मागनं लुनाच्या बारक्या आरशात बघितलं आणि बोंबलले,

"तुमी न्हाय वो मिटायचं! गाडी चालवताय!"