कातडं वाळेपर्यंत

आमच्या ह्यांना सगळी बाजारपेठ मास्तर म्हणते. शाळेत कधी शिकवलं नाही. शिकले तेही जेमतेम. गाड्यांच्या स्टिअरिंगला कातडं शिवतात, एवढंच. ते चाक झिजलं, सोलवटलं, उन्हानं चिकट झालं की लोक गाडी आमच्या दाराशी आणतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे माझा गॅस, पुढे ह्यांची बादली.

तयार कव्हर चढवणं ह्यांना मान्य नाही. त्याला ते टोपडं म्हणतात. हे कातडं बादलीत भिजवतात, ओलंच चाकावर ताणतात आणि दोन सुयांनी आतल्या बाजूनं शिवत जातात. वाळताना कातडं आवळतं आणि चाकाला असं धरतं की पुढं सुरीनंच निघावं. पण वाळेपर्यंत त्याचा भरवसा नाही. म्हणून गाडी रात्रभर दारात उभी आणि चावी ह्यांच्या शर्टाच्या खिशात. एकदा एक बडा डॉक्टर ताडताड बोलला, पेशंट खोळंबलेत म्हणाला. ह्यांनी त्याला रिक्षा बोलावून दिली, चावी दिली नाही.

हा झाला दुकानातला माणूस. उंबरठ्याच्या आत आला की ह्याच्या तोंडून नकार निघत नाही. पाहुण्यानं पंखा बंद करा म्हटलं तर घाम पुसत बसतील. जावयापुढं तर विचारूच नका. एकुलती एक लेक ज्याच्या घरी दिली, त्याच्यासमोर हे अजून खुर्चीच्या टोकावर बसतात. मला ह्याचा राग यायचा. अजूनही येतो.

त्या दिवशी लेक-जावई मुक्कामाला म्हणून आले. त्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगचं चाक पार सोलवटलं होतं. ह्यांनी हातातली कामं बाजूला सारून दुपारपर्यंत ते शिवून काढलं. तेवढ्यात जावयाच्या आईचा फोन आला. घाटापलीकडच्या त्यांच्या घरी अचानक पाहुणे येणार होते, अंधाराच्या आत या म्हणाल्या. मला ह्यातलं काही ठाऊक नाही, मी आत चहा टाकत होते. लेक ‘येते गं’ म्हणाली, तेव्हा मला वाटलं कोपऱ्यावर काही आणायला निघाली. चहा घेऊन बाहेर येते तर गाडी नाही, आणि हे ओले हात तसेच धरून रस्त्याकडे बघत उभे.

“चावी मागितली,” हे म्हणाले. “दिली.”

जावयाला फोन लावला, तो लागेना. लेकीला लावला, तर तिचा फोन आमच्याच फळीवर चार्जिंगला वाजायला लागला. मी वळून बघते तो हे स्कूटर काढत होते. निघताना बादलीतला कातड्याचा एक तुकडा पिळून त्यांनी माझ्या हातात कोंबला. चाकावर चढलं त्याच कातड्याची ती कड होती. वाऱ्यावर धर, हे वाळलं की तेही वाळलं समज, म्हणाले.

आमची स्कूटर म्हणजे म्हातारी गाय. सपाट रस्त्यावरही धापा टाकते, घाट लागला तशी रडायलाच लागली. मी मागून ओरडून विचारलं, सरळ रस्त्यानं इतकं चालवलं तेव्हा काही झालं नाही, मग आताच काय होणार आहे? त्यांनी मान न वळवता सांगितलं.

“वळणावर जोर लागतो. हात वळेल, चाक वळणार नाही.”

मग तेच विचारत राहिले. वाळलं का? मी तुकडा दाबून बघायची. नाही. पुढच्या वळणावर पुन्हा, वाळलं का? अंगठ्याला गार ओल लागतच होती. एकीकडे डोंगर, दुसरीकडे कमरेएवढा कठडा आणि कठड्यापलीकडे झाडांचे नुसते शेंडे. पुढं एका जागी कठडा ढासळलेला दिसला. माझी नजर आपोआप खाली गेली. खाली काही नव्हतं. तेवढ्यात ह्यांनी पुन्हा विचारलं आणि मी म्हटलं, वाळलं.

“खोटं बोलू नकोस,” हे म्हणाले.

घाटमाथ्याच्या अलीकडं, सगळ्यात अवघड वळणावर, गाडी उभी होती. तिचं नाक कठड्याला टेकलेलं, एक दिवा फुटलेला. लेक रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. धडधाकट. मी स्कूटरवरून उतरले की पडले ते मला आजही सांगता येणार नाही.

वळणावर कातडं जावयाच्या मुठीत फिरलं होतं, आतलं चाक जागच्या जागी. लेकीनं शेजारून झेप घेऊन चाकाचा मधला उघडा आरा धरला आणि जीव खाऊन ओढला. तिचं लहानपण त्या बादलीशेजारी गेलेलं. कातडं कुठवर असतं आणि कुठं नसतं, हे तिला डोळे मिटून कळतं.

जावई पांढराफटक पडला होता, तरी बोललाच. शिलाई कच्ची राहिली वाटतं, बाबा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते लेकीसमोर जाऊन उभे राहिले. तिला रडू फुटलं.

“मला कळत होतं कातडं ओलं असणार,” ती म्हणाली. “पण चावी तुम्ही दिली होती, बाबा. म्हणून मी बसले.”

ह्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिच्याशेजारी दगडावर बसले. एवढ्या संसारात मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर ढसाढसा रडले.

जरा वेळानं जावई चुळबुळला, आता सावकाश नेतो म्हणाला. हे नाही म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं, हे पुन्हा नाही म्हणाले. मग आम्ही चौघं तिथंच बसून राहिलो. वारा भन्नाट होता. ह्यांनी अधूनमधून उठून चाक दाबून बघावं ना, ते उठलेच नाहीत. शेवटी मीच जाऊन बघायची. लेकीनं पाणी मागितलं तर बाटली ह्यांनी दुसऱ्या हातानं दिली.

दुसऱ्या दिवशी ती राहिलेला फोन न्यायला आली, तेव्हा तिच्या मनगटावर बोटांचे निळे वळ होते. बांगड्या वर सारून तिनं ते मला दाखवले.

“दुखत होतं गं,” ती म्हणाली. “पण सोडा म्हणवलं नाही.”