खंडेनवमीचा अल्बम

जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करणारे एक गृहस्थ कर्वेनगरला आमच्या घरी आले. माझ्या वडिलांच्या कारखान्यात मोटारीचं छप्पर हातानं कसं जोडायचे, ते त्यांना फोटोत बघायचं होतं. मी रुबाबात अल्बम उघडला आणि हबकलोच. सगळे फोटो खंडेनवमीचे! धुतलेली यंत्रं, झेंडूचे हार, इस्त्रीच्या कपड्यांत हात जोडून उभे कामगार. काम करताना एकही माणूस नाही. डोंबलाचा अल्बम! कॅमेरा वर्षातून एकदाच आत जायचा, तोही नेमका यंत्रं बंद असताना.

“अहो, मग वडिलांनाच विचारू,” गृहस्थ म्हणाले.

मी भिंतीकडे बोट दाखवलं. हार घातलेला तो फोटोही त्याच अल्बममधला. फ्रेममध्ये बसावा म्हणून मीच तो खांद्यांखाली कापून घेतला होता. त्यात हात गेले.