तेज चल आणि थम

"हा पार्किन्सन्स डिसीज आहे," नौपाड्यातल्या न्यूरोलॉजिस्ट बाई म्हणाल्या, तेव्हा तुमच्या आजोबांनी थरथरणारा उजवा हात खिशात घातला. जणू त्या हातानेच चुगली केली होती.

सई, निनाद, फोनवर तुम्ही विचारता आणि मी "ठीक आहे" म्हणते. आज नीट सांगते.

या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. हालचाल सुरळीत होते ती त्याच्यामुळे. आधी आजोबांचं अक्षर बारीक झालं, मग हात थरथरू लागला. आम्ही वयावर ढकललं. गोळ्यांनी थरथर थोडी कमी झाली, पण पाय ऐकेनात. दार आलं की तळवे फरशीला चिकटल्यासारखे थबकायचे. याला 'फ्रीझिंग ऑफ गेट', म्हणजे चाल गोठणं, म्हणतात. हात धरून ओढलं की तोल जायचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. आजोबा म्हणाले, "घर आहे की लंगडीचं मैदान?"

हळूहळू त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. मला धास्ती होती ती याचीच. डोंबिवलीच्या या घरात खुर्ची हेच त्यांचं जग झालं तर?

कल्याणच्या माजी सैनिक संघटनेकडून चहापानाचं बोलावणं नेहमी येई. आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण तिकडे कधी फिरकले नव्हते. "म्हातारे जमतात आणि गुडघ्यांवर बोलतात." या वेळी मी परस्पर होकार कळवला. शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना रिक्षात बसवलं.

हॉलच्या दारात पाय थबकलेच. आत सगळे रांगेत उभे. हजेरी झाल्याशिवाय चहा नाही, अशी तिथली शिस्त. साताऱ्याकडचे हवालदार साळुंखे ओरडले, "साहेब, पलटण खोळंबलीय! चहा गार व्हतोय!"

"पाय उचलत नाहीत रे," आजोबा पुटपुटले.

"हात्तिच्या! हुकूम कुठं दिलाय त्यास्नी?" साळुंखे ताठ झाले. "सावधान! तेज चल! बाएँ, दाएँ, बाएँ!"

सगळे हसले. आणि आजोबा चालले! थेट रांगेत जाऊन उभे राहिले.

मला राहवेना. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सवयीचं चालणं मेंदू आपोआप घडवतो. तो रस्ता यांच्यात अडतो. ठेक्यावर चालताना मेंदू दुसरा रस्ता धरतो. आम्ही त्याला क्यू म्हणतो, बाहेरून मिळणारा इशारा. तुमच्या पट्ट्याही क्यूच होत्या. प्रत्येकाला वेगळा लागू पडतो."

तुमच्या ओळखीत कुणाचे पाय असे थबकत असतील तर त्यांना ओढू नका. फिजिओथेरपिस्टला विचारून त्यांचा ठेका शोधा.

आता आजोबा संघटनेत स्वतःहून जातात. तिथे आजाराची चौकशी कुणी करत नाही. फक्त त्यांचा कप अर्धाच भरतात. संपला की पुन्हा अर्धा.

परवा निघताना ते आमच्या दाराशी अडले. जन्मभर "अहो" म्हणणारी मी, घसा साफ करून ओरडले, "तेज चल!" स्वारी निघाली. बंद लिफ्टसमोर पोचली आणि तिथेच पाय आपटत राहिली. शेजारी दारं उघडून बघू लागले.

"अहो, झालं काय?"

"अगं, थम म्हण की! हुकमाशिवाय थांबू कसा?"

"थम!" मी म्हटलं. ते थांबले आणि खो खो हसले. उजवा हात थरथरत होता. खिशाबाहेर, सगळ्यांसमोर.