झेंडूची कमान

उजव्या हाताला तीनच बोटं असलेल्या मेकॅनिककडे तुम्ही तुमची गाडी द्याल का? मानपाडा रोडवरचे आमचे तेलकाका पहिल्याच भेटीत तो हात पुढे करत. "मोजून घ्या," म्हणत, "काम चालू असताना चोरून बघत बसाल, त्यापेक्षा आत्ताच." उरलेली दोन बोटं एमआयडीसीतल्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसमध्ये गेली होती.

तेव्हा मी कॉलेजात होते आणि कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली; माझं प्रत्येक वाक्य मूठ वळूनच उभं राहायचं. 'भांडवलशाहीचा कराल जबडा' हे माझं पत्रक काकांनी चष्मा लावून वाचलं. "अगं, हा जबडा कुठल्या खात्यात बसवलाय? मी तर कधी पाहिला नाही. मशीन कसं चालतं ते लिही. हात कसा जातो ते लोकांना आपोआप कळेल."

मला राग आला. तो उतरला नव्वदीच्या सुरुवातीला, एका वरातीच्या आदल्या दिवशी.

शेजारच्या गावातल्या एका शेठने मुलाच्या वरातीसाठी छत उघडणारी परदेशी गाडी आणली होती. नवरा-नवरी मागच्या सीटच्या पाठीवर, उंच बसणार होते. गॅरेजमध्ये गाडी तपासताना काका तिथेच थबकले. नेमक्या त्या जागी एक जाड लोखंडी कमान आडवी निजलेली होती.

"बटण दाबलं की तेलाच्या दाबाने ही सावकाश उठते, पुन्हा दाबलं की निजते," काकांनी समजावलं. "पण आत एक दणकट स्प्रिंग दाबून, खटक्याला अडकवून ठेवलीय. गाडी उलटायला लागली की सेन्सर खटका सोडतो. तेलाची वाट न बघता स्प्रिंग कमान उभी करते आणि दाते तिला खाली बसू देत नाहीत. माणसांची डोकी वाचतात. तेल रोजच्यासाठी, स्प्रिंग वाईट दिवसासाठी."

"पन आमची गाडी उलटतेय कशाला?" शेठ हसले.

"खड्ड्यात जोरात कलली तरी पुरे. सेन्सरला काय कळतंय, वरात आहे म्हणून?"

काकांनी पूजेचा नारळ कमानीवर ठेवला, सगळ्यांना मागे सारलं आणि सेन्सरच्या तारा जुळवल्या. फाट्! नारळ छपराच्या पत्र्यावर आपटून शेठच्या पायाशी आला.

शेठ घाबरले, पण हटले नाहीत. "मंग ती तार काढून टाक. एका दिवसाचा तर प्रश्न हाय. पोऱ्या गावाला दिसायला नको?"

काकांनी हात पुढे केला. "माझ्या प्रेसचा हात अडवणारा गार्डपण एका दिवसासाठीच काढला होता, शेठ."

मग नवरदेवच म्हणाला, "पप्पा, आम्ही खाली सीटवरच बसतो."

काकांनी कमान पुन्हा बसवली, मग बटण दाबून हळूच उभी केली. "हिला फुलं बांधा. लांबून दिसेल."

दुसऱ्या दिवशी मानपाड्यातून झेंडूने लगडलेली कमान मिरवत गेली. खाली दोघं सुखरूप बसलेली. काका फुटपाथवरून नवरीकडे नाही, कमानीकडे बघत होते.

मी पत्रक फाडलं. नवं लिहिलं: प्रेस कसा खाली येतो, गार्ड काय अडवतो, तो काढल्यावर हाताला किती वेळ मिळतो. कामगारांनी ते घडी करून खिशात ठेवलं. माझं लिहिणं तिथून सुरू झालं.

गेल्या वर्षी काका गेले. त्यांचे आभार मानायचे राहिले, म्हणून तुमच्याकडे एक मागते: उद्या कामावर गेलात की आपल्या मशीनचा गार्ड जागेवर आहे का ते बघा. "एकाच दिवसासाठी काढलाय" असं कोणी म्हणालं, तर तो बसेपर्यंत मशीन चालू करू नका.