मागणं पहिल्या ओळीत

"सर, काका गेले. सकाळी. घरीच." एवढं बोलून वनितानं फोन ठेवला. वनिता माझी जुनी विद्यार्थिनी, आता वाशिमला एका दवाखान्यात परिचारिका आहे; काका म्हणजे उकंडराव, तिच्याही ओळखीचे. तिचं खरं नाव मी इथं देत नाही. बातमी कशी द्यावी हे तिला कळतं. बाकीच्यांना कळत नाही, हे त्या दिवशी मोबाइल उघडल्याबरोबर दिसलं. 'ज्ञानसूर्य मावळला.' 'शब्दांचा महामेरू कोसळला.' 'एका युगाचा अंत.' अरे, कसलं युग? उकंडराव वाशिमच्या कचेरीसमोर टिनाच्या शेडखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. रेशनकार्डात सुनेचं नाव घाला, शेताच्या धुऱ्यावरचा रस्ता मोकळा करा, हे त्यांचं वाङ्मय. शोकसभेत एका साहित्यप्रेमी अध्यक्षांनी पाऊण तास भाषण ठोकलं आणि त्यात त्यांचं गावच चुकवलं. धनजच्या माणसाला भलत्याच तालुक्यात जन्माला घातलं, आणि सुधारायला कोणी उठलं नाही, कारण ऐकतच कोणी नव्हतं. शेवटची दोन मिनिटं सगळे गप्प उभे राहिले. तेवढाच भाग उकंडरावांना पसंत पडला असता.

ते काही देवमाणूस नव्हते, हेही सांगून टाकतो. तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं खवट, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल तिळमात्र शंका नाही. कागदावर जितके कंजूष, तितके तोंडानं उधळे. बोलायला बसले की गोष्ट स्वतःच्या पोटाच्या तक्रारीवरून निघायची आणि जावयाच्या तक्रारीपर्यंत जायची, मध्ये चहा दोनदा व्हायचा. पण नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्याच कचेरीत अर्ज घ्यायच्या टेबलावर काढली होती. कोणता अर्ज साहेबापर्यंत जातो आणि कोणता गठ्ठ्यात मरतो, हे त्यांना पाठ होतं. निवृत्त झाल्यावर ते रस्ता ओलांडून पलीकडे बसले, इतकंच.

मी मानोऱ्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवतो. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतःला लेखकही समजत होतो. आमच्या शाळेजवळच्या तांड्यावरची वनिता तेव्हा आठवी पास झाली होती. तिचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जात, घरी मागे राहणारं कोणी नव्हतं. वाशिमच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर शाळा, नाहीतर कोयता. तिचा बाप म्हणाला, "सर, तुमी मराठीचे. तुमीच लिवा." मी लिहिलं. 'निसर्गाच्या कुशीत विसावलेला, परंतु विकासाच्या प्रकाशाला पारखा झालेला हा तांडा...' अशी सुरुवात करून दोन पानं भरली. स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. मुख्याध्यापकांनी 'वा' म्हटलं. त्या 'वा'वर मी पुढचे चार महिने काढले. उत्तर का आलं नाही, हे विचारायलासुद्धा गेलो नाही. दसरा झाला, तांडा रिकामा झाला, वनिता गेली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी वाशिमच्या कचेरीत गेलो. बाबूनं गठ्ठ्यातून पत्र काढलं. त्यावर शेरा होता : 'माहितीस्तव. दप्तरी दाखल.' तो बिचारा सरळपणे म्हणाला, "सर, आमाले वाटलं तुमी तांड्याचं वर्नन पाठवलं. मागनं काय हाय याच्यात?" मी पान उलटून दाखवलं. मागच्या बाजूला, 'आपला कृपाभिलाषी'च्या जरा वर, मागणं होतं. जागाही होत्या तेव्हा. दोन तर दिवाळीपर्यंत रिकाम्या होत्या, हेही त्यानंच सांगितलं. बाहेर आलो तर शिपायानं समोरच्या शेडकडं बोट दाखवलं. "उकंडरावाले दाखवा."

उकंडरावांनी ते पत्र बाकावरच्या आठ-दहा माणसांसमोर मोठ्यानं वाचलं. पहिलं पान संपल्यावर थांबले.

"मास्तर, पोरगी कुठी हाय याच्यात? आतापावतर नुसतं रान हाय."

"मागच्या पानावर आहे, काका."

"साहेब चार ओळी वाचते अन् शेरा मारते. तुह्या चार ओळीत अजून पाहाटच होऊन राह्यली, बे."

लोक हसले. मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला. तेवढ्यात एक माळीण डोक्यावर वांग्याचं टोपलं घेऊन आली आणि ते उतरवायला लागली. उकंडराव ओरडले, "टोपलं राहू दे, बाई. तशीच सांग." ती म्हणाली, "शेजाऱ्यानं नालीचं पानी माह्या मेथीत सोडलं. मेथी सडून राह्यली. ते बंद करा." त्यांनी तेच लिहिलं, फक्त 'बंद करा' आधी घेतलं. ही त्यांची रोजची रीत होती. डोक्यावर ओझं असलं की माणूस पाल्हाळ लावत नाही, म्हणायचे. मग ते उठले, त्या बाईच्या डोक्यावरचं टोपलं उचललं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. मराठीचा शिक्षक, भर बाजाराच्या दिवशी, वांगी डोक्यावर घेऊन उभा! "आता सांग पोरीचं." मी म्हणालो, "वसतिगृहात जागा पाहिजे. आईबाप ऊसतोडीला जातात. घरी कोणी नाही. जागा नाही मिळाली तर शाळा सुटेल."

"झालं. हेच लिव. अन् पोरगी कुठी हाय आता?"

"गेली... ऊस तोडायला."

त्यांनी माझ्या डोक्यावरचं टोपलं उतरवलं आणि बाईला परत दिलं. 

वनिता चैत्रात परत आली, पानांनी चिरलेले हात घेऊन. "सर, माह्या अर्जाचं काय झालं?" मी म्हणालो, "जागा भरल्या होत्या." एका वर्षात मी शिकलेलं पहिलं आटोपशीर वाक्य ते, आणि तेच खोटं. पुढच्या अर्जाला उकंडरावांनी मला सात वेळा लिहायला बसवलं. सहा ओळी झाल्या, मागणं पहिल्या ओळीत. जागा मिळाली. मग मी महिन्याकाठी त्यांच्याकडे जायला लागलो. शाळेचे अहवाल, ठराव, वर्तमानपत्रात पाठवायचे लेख, सगळं त्यांच्या लाल रिफिलखाली गेलं. माझ्या कवितांची वही त्यांनी हातात घेतली, दोन पानं चाळली आणि विचारलं, "हे कोनाले पाठवाचं हाय?" मी वही परत पिशवीत टाकली. ती वही आता कुठं आहे, मला माहीत नाही आणि शोधायचीही नाही. आजही कुठल्या स्मरणिकेत 'पारखा झालेला' दिसलं की मी ती मिटून ठेवतो, कारण ते वाक्य एका मुलीचं वर्ष खाऊन बसलेलं मी पाहिलं आहे.

वनिताशी खोटं बोललो हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगून बसलो होतो. दर भेटीत, निघताना, ते एकच विचारायचे. "तिले सांगतलं काय?" मी म्हणायचो, तिची परीक्षा आहे. तिचं मन दुखेल. आता सांगून काय फायदा. ते म्हणायचे, "हे तुहं पयलं पान हाय. मांगच्या पानावर काय हाय ते बोल." वनिताला नोकरी लागली तेव्हा ती पेढे घेऊन आली, पाया पडली, म्हणाली, "सर, तुमच्या अर्जानं झालं." मी दोन पेढे खाल्ले. इतका निर्लज्ज मी.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी उकंडरावांवर लिहा असं संपादकांनी सांगितलं. तीन आठवडे जमलं नाही. गेल्या आठवड्यात मी त्या शेडखाली जाऊन बसलो. शेजारच्यानं तिथं झेरॉक्सचं यंत्र लावलं आहे, पण उकंडरावांचं टेबल अजून कोणी हलवलेलं नाही. वरच्या फळीवर कोपरं टेकून टेकून दोन गुळगुळीत डाग पडले आहेत. त्यांच्यामध्ये मोबाइल ठेवून मी वनिताला लिहायला लागलो. परिस्थिती, माझं वय, कचेरीचा कारभार... सगळं आलं. सगळं पुसलं. उरलं ते पाठवलं : 'वनिता, तुझं एक वर्ष माझ्या पत्रामुळे गेलं. जागा होत्या. मी तुला खोटं सांगितलं.'

तासाभरानं तिचं उत्तर आलं. 'सर, हे सांगाले अकरा वर्सं काहून लावली?'

मी पुन्हा लिहायला घेतलं. आठ ओळी झाल्या, मग पाच, मग दोन. कचेरी सुटली, बाकावरची माणसं उठून बसस्टँडकडे गेली. शेवटी एक शब्द राहिला, तो पाठवला.

'भ्यालो.'