रात्री दहाचं ऊन आणि आईची भूक

मंडळी, आत्ताच आईचं जेवण झालं. नॉर्वेत, रात्री दहा वाजता, चक्क उन्हात!

आम्ही जैन. सूर्य बुडाल्यावर आई पाणीसुद्धा पीत नाही. आज तिला धबधबे दाखवताना मी "अजून एकच" करत राहिले आणि घड्याळ पाहून दचकलेच.

सत्तरच्या दशकात, कामरगावला असताना, हेच झालं होतं. काकांसोबत मंगरूळपीरच्या उरुसात मी पाळण्यात रमले, एस.टी. चुकली. अंधारात घरी पोचले तेव्हा आई माझी वाट पाहत उपाशीच होती. म्हणाली, "मले भूकच नव्हती."

आज आईला बाकावर बसवून मी जवळच्या दुकानातून जवाची पातळ, कडक भाकरी घेतली आणि धापा टाकत तिच्याकडे आले.

"काहून पळून राह्यली? सूर्य तं तिथंच हाये."

"पण दहा वाजले. चालेल तुला?"

तिने बराच वेळ आकाशाकडे पाहिलं. "नेम सूर्याचा हाये, घडीचा नाई."

भाकरी तिने आधी हुंगली, मग मोडली. "आपल्या शिळ्या भाकरीवानीच हाये व!" घरच्या चटणीसोबत दोन संपवल्या. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी कामरगावले सूर्य असा थांबला असता तं! लय भूक लागली होती मले."

पन्नास वर्षं मी तिचं 'भूक नव्हती' खरं मानलं. तुमच्या घरी असं कोण म्हणायचं?