दुसरा राम

देवाचं नाव मोठ्याने घेणारा माणूस मला अडाणी वाटायचा. शेतात राबणाऱ्या आमच्या कास्तकाराच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तो ताठा मी पोलिसाच्या नोकरीतही सोडला नाही. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस थांबला, म्हणून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. त्या घाईत अकोल्याच्या कापसाच्या गठाणी दाबणाऱ्या एका प्रेसमधल्या हमालांनी संप केला, तेव्हा मला अमरावतीहून शिपाई घेऊन फाटकावर पाठवलं. त्यांचं मागणं एवढंच होतं, की भर दुपारी पेटीत उतरवू नका. माणसं भोवळ येऊन पडतात.

पेटी म्हणजे पुरुषभर उंच लाकडी खोका. दोघांनी आत उतरून पायांनी कापूस तुडवायचा आणि वर येताना प्रत्येकाने मोठ्याने राम म्हणायचं. दोन राम ऐकू आले की मगच वरच्या मळसूत्राचा दांडा फिरवून गठाण दाबायची. मालकाने पातूरकडून नवी माणसं आणली. त्यांनी राम म्हटला की बाहेर बसलेले संपवाले एकसुरात राम म्हणून टाळ्या पिटत. मला ती माझी टवाळी वाटली. मी आतला राम बंद करवला.

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात फाटकातून पेटीकडे बघत बसलेला सुकाजी नावाचा म्हातारा हमाल उठला आणि सरळ आमच्या रांगेवर चालून आला.

“सायेब, दोघं उतरले, एकच वर आला. आत माणूस हाय.”

मी ऐकलं. मला तो डाव वाटला. त्याच्या उजव्या मनगटावर मी दंडा हाणला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो थांबला नाही. लोंबता हात घेऊन आत गेला आणि फिरता दांडा खांद्याने अडवून उभा राहिला. पेटीतून बेशुद्ध माणूस निघाला, नाकातोंडात कापूस गेलेला, पण जिवंत.

पुढे मालकाने दुपारची सुट्टी दिली. सुकाजीचा हात मात्र कामाचा राहिला नाही.

महिन्याभराने मी त्याच्या दारी गेलो. डावाच हात कपाळाशी नेऊन “बसा सायेब, आज दंडा नाही आणला?” म्हणाला. माफी मागत मी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, “मी कायचा आलो? उन्हानं मले उठता बी येत नव्हतं. ज्यानं उठवलं, त्याले हात जोडा.”

तेव्हापासून जोडतो. माझ्या हातून एक जीव जायचा होता, तो त्या रामाने राखला, आणि राखताना माझी रांग, माझी अक्कल, काही विचारलं नाही. राम आता मी मोठ्यानेच म्हणतो. पण दोन्ही तळवे जुळतात, तेव्हा सुकाजीचा एकट्या डाव्या हाताचा नमस्कार डोळ्यांपुढे येतो.